जुन्या किचनला नवे दरवाजे

हल्ली आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक चाल पडली आहे. मुलाचे लग्न ठरले की घराला रंग काढायचा, आणि रंग काढायला घेतला की किचनही फोडायचे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने केलेली ओट्याखालची कपाटे, भिंतीवरचे खण, ट्रॉल्या, सारे एका दिवसात हातोड्याने पाडून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. मग शोरूममध्ये जाऊन मॉड्युलर किचनचा नकाशा काढून घेतात. रोख नसली तर हप्ते आहेतच. हप्ते म्हणजे बहुतेक ठिकाणी व्याज. व्याजाचे नाव काढले की जे लोक कानाला हात लावतात, त्यांच्याच घरात उद्या व्याजाच्या कपाटातून साखरेचा डबा काढावा लागतो. हे कोणाला कडू लागेल, पण धंद्याच्या पानावर धंद्याचे खरे बोललेच पाहिजे.

वस्तुतः त्या पाडलेल्या कपाटांत बिघडलेले काय असते? बहुधा फक्त दरवाजे. तेलाच्या वाफेने सनमायका पिवळा पडतो, कडेची पट्टी उखडते, बिजागरी सैल होऊन दरवाजा लोंबतो. आतला सांगाडा मात्र पुष्कळदा जसाच्या तसा मजबूत असतो. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. रजईतला कापूस चांगला असेल तर खोळ मळली म्हणून कोणी रजई फेकत नाही, नवी खोळ शिवतो. किचनच्या बाबतीत हेच काम करता येते. सांगाडा जुनाच ठेवून दरवाजे, ट्रॉलीचे दर्शनी फळे आणि उघड्या दिसणाऱ्या बाजू तेवढ्या नव्या करायच्या. थोडीफार हत्यारे चालवता येणारा गृहस्थ हे स्वतः करू शकतो, आणि सुतारकाम करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी तर हे वर्षभराचे काम आहे. पण त्याकडे कोणी काम म्हणून पाहतच नाही.

आधी सांगाडा तपासा

काही ठिकाणी जुने पाडण्यावाचून इलाज नसतो. ते आधीच ओळखले पाहिजे, नाहीतर नवे दरवाजे कुजक्या लाकडावर टांगले जातील. सिंकखालचा खण रिकामा करा आणि एक पेचकस घेऊन तळाच्या फळीत, कोपऱ्यात, नळाच्या मागे टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर ती फळी गेली. प्लायवुड असेल तर तेवढीच फळी बदलून भागते. पण सांगाडा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचा असेल आणि पाण्याने फुगला असेल, तर त्याचा नाद सोडावा. फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही. वाळवीची मातीची रेघ भिंतीच्या कडेने दिसते का पाहा. फळीवर टकटक करा, पोकळ आवाज आला तर मागची बाजू उघडून बघावी.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत याबाबत एक मोठी सोय आहे. ओट्याखालचे खण कडप्प्याचे असतात. हा काळा दगड आंध्रातील कडप्पा भागातून येतो म्हणून त्याला हे नाव पडले. त्याला ना वाळवी लागते, ना तो पाण्याने फुगतो. अशा ओट्याला पुढून फक्त लाकडी चौकट आणि दरवाजे लावलेले असतात. असा ओटा फोडून त्याजागी पार्टिकल बोर्डाचे खोके बसवणे म्हणजे आमच्या मते खादीचे धोतर देऊन कागदी रुमाल घेणे होय.

कामाचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे चिकटवायचा छापील कागद, ज्याला बाजारात स्टिकर किंवा विनाइल म्हणतात. भाड्याच्या खोलीत ठीक आहे. शेगडीच्या आसपास उष्णतेने त्याच्या कडा सुटतात, म्हणून त्यावर अधिक शाई खर्च करीत नाही.

दुसरा प्रकार, जुन्या दरवाजावरच नवा सनमायका. सनमायका हे खरे तर एका मार्क्याचे नाव. वस्तूचे नाव लॅमिनेट. पण आपल्याकडे दुकानदारही सनमायकाच म्हणतो. या मालाचा इतिहास मजेचा आहे. १९१३ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात फॉर्मिका कंपनी निघाली ती किचनसाठी नव्हे, तर विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायचे आवरण बनवण्यासाठी. अभ्रक म्हणजे मायका, आणि मायकाच्या जागी म्हणून फॉर्मिका.

तर हा प्रकार तेव्हाच करावा, जेव्हा दरवाजा सरळ आहे आणि जुना सनमायका घट्ट बसलेला आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा पूर्ण काढायचा, वाळवायचा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी चमक मारायची. चमकत्या पृष्ठभागावर कोणताही गोंद टिकत नाही. जुन्या सनमायकावर पांढरा फेविकॉल चालत नाही, कारण त्यातले पाणी शोषून घ्यायला खाली लाकूडच नसते. येथे रबरी गोंद लागतो. तो दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मग दाबायचा. एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून मध्ये बारीक काठ्या ठेवून एका बाजूने एकेक काढत जावे. हा गोंद पेट घेणारा आहे. काम चालू असताना गॅस सिलिंडरपासून बंद, खिडक्या उघड्या, आणि बिडी-सिगारेट घराबाहेर.

तिसरा प्रकार आम्हाला सर्वांत पसंत आहे: नवे दरवाजे. खर्च थोडा अधिक, पण काम घराबाहेर होते आणि किचन एक दिवसही बंद राहत नाही.

एका शीटचा हिशेब

दर रोज बदलतात आणि गावोगाव वेगळे असतात, म्हणून रुपयांचे आकडे न देता मापाचा हिशेब देतो. तो समोर ठेवून वाचकांनी आपल्या गावचा दर लावून घ्यावा.

ओटा आठ फुटांना थोडा कमी आहे असे धरा. खाली सहा दरवाजे, प्रत्येक साडेपंधरा इंच रुंद व २६ इंच उंच. वर तेवढ्याच लांबीच्या खणाला सहा दरवाजे, साडेपंधरा बाय २१. प्लायवुडची शीट आठ बाय चार, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. रुंदीत साडेपंधराच्या तीन पट्ट्या बसतात, साडेशेहेचाळीस इंच. लांबीत २६ चे दोन आणि २१ चे दोन, मिळून ९४. करवतीची रेघ जाऊनही बाराच्या बारा दरवाजे एकाच शीटमधून निघतात. बाहेरून एक मिलिमीटरचा सनमायका एक शीट, आतून पांढरा पातळ लायनर एक शीट. कडेची पट्टी सर्व बाजू मिळून ७८ फूट भरते, नव्वद आणावी. बिजागऱ्या बारा जोड्या, मुठी बारा. एका मध्यम किचनचे संपूर्ण नवे रूप एवढ्या सामानात येते. हा हिशेब घेऊन मग शोरूमचा कागद वाचावा.

मात्र कापण्याआधी प्रत्येक खण वेगळा मोजा. जुन्या घरात कोणतीच भिंत ओळंब्यात नसते आणि ओटाही एका टोकाला अर्धा इंच उतरलेला असू शकतो. खणाची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीनदा घ्यावी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसले तर चौकट वाकडी आहे. अशा वेळी आत बसणारा दरवाजा न करता चौकटीवर चढणारा करावा, म्हणजे वाकडेपणा झाकला जातो. दोन दरवाजांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट धरायची.

लाकडी रेघांचा सनमायका असेल तर सर्व दरवाजांच्या रेघा उभ्या आल्या पाहिजेत. सर्व शीट एकाच लॉटच्या घ्याव्यात. कापडात लॉट बदलला की शेड बदलते हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. सनमायकातही नंबर तोच पण लॉट वेगळा असला तर फरक दिसतो, आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न दिसता घरी खिडकीसमोर दिसतो.

प्लायवुड आणि त्याची प्रामाणिकता

प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले. ताणा आणि बाणा असावा तसे. म्हणूनच ते साध्या फळीसारखे चिरत नाही. किचनसाठी पाणी सोसणारे घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे आयएस ३०३ हे सामान्य वापराचे, त्यात एमआर हा कोरड्या जागेचा आणि बीडब्ल्यूआर हा उकळत्या पाण्याच्या चाचणीचा दर्जा येतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायवुड. सिंकखाली ७१०, बाकी दरवाजांना बीडब्ल्यूआर पुरेसे आहे. शिक्का शीटवर छापलेला असतो, तो कापण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा.

आणि जाडी मोजा. अठरा म्हणून सोळा-सतराचा माल विकणारे या व्यापारात आहेत, जसे आमच्या व्यापारात गजात बोटभर मारणारे आहेत. सूरह मुतफ्फिफीन फक्त तराजूवाल्यांसाठी आहे अशी समजूत करून घेऊ नये.

सनमायका दोन्ही बाजूंना लावणे ही चैन नाही, गरज आहे. फक्त पुढून लावला तर काही महिन्यांत दरवाजाला धनुष्यासारखा बाक येतो, कारण एक बाजू हवेतला ओलावा घेते आणि दुसरी घेत नाही. नव्या प्लायवर पांढरा फेविकॉल चालतो. तो सारखा पसरून, सनमायका ठेवून, वर दुसरी सपाट फळी व भरपूर वजन ठेवून रात्रभर दाबावा. सनमायका दरवाजापेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा कापावा आणि सुकल्यावर कानशीने, नाहीतर ट्रिमरने कड काढावी. कानस नेहमी सनमायकाकडून लाकडाकडे चालवायची, उलट चालवली की टवके उडतात.

बिजागरी आणि ट्रॉली

आज बाजारात जिला ऑटो हिंज म्हणतात ती वाटीची बिजागरी ३५ मिलिमीटरच्या भोकात बसते. भोकाचा मध्य दरवाजाच्या कडेपासून साधारण २२ मिलिमीटर, खोली १२ च्या आसपास. अठराच्या प्लायला त्याहून खोल गेल्यास पुढून फुगवटा दिसतो, म्हणून गिरमिटाच्या पात्यावर खोलीची खूण करून ठेवावी. वरून व खालून तीन-चार इंचांवर एकेक पुरते. तीन फुटांहून उंच दरवाजाला तीन लावाव्यात.

घेताना दुकानदार क्रँक विचारतो आणि नवखा माणूस तेथेच गोंधळतो. दरवाजा बाजूच्या फळीला पूर्ण झाकत असेल तर झिरो क्रँक. एकाच मधल्या फळीवर दोन्हीकडून दोन दरवाजे येत असतील तर आठ किंवा नऊ. दरवाजा चौकटीच्या आत बसत असेल तर पंधरा किंवा सोळा. कडप्प्यात थेट स्क्रू धरत नाही. तेथे आधी लाकडी उभी पट्टी फिशर मारून पक्की करावी आणि बिजागरी त्या पट्टीवर घ्यावी.

स्टीलच्या ट्रॉल्या असतील तर काम आणखी सोपे. टोपलीच्या आतून चार स्क्रू काढले की दर्शनी फळा सुटतो. जुना फळा नव्यावर ठेवून भोके उतरवून घ्यावीत, जुनाच फर्मा. चॅनेल गंजले असेल तर लांबी मोजून तेवढ्याच लांबीचे नवे आणावे.

सिलिंडर ठेवण्याच्या खणाबद्दल एक गोष्ट विशेष सांगतो. जुने दरवाजे सैल होते, त्यांतून हवा खेळत होती. नवे घट्ट बसतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. म्हणून त्या दरवाजाला खालच्या बाजूस भोके किंवा जाळी ठेवलीच पाहिजे, मग दिसायला कसेही दिसो.

सुतार बांधवांशी दोन शब्द

हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. या पेशाची इज्जत आम्ही सांगायला नको. पण आज मोहल्ल्यातल्या कारीगराची तक्रार आहे की कारखान्याच्या किचनने आमचे काम खाल्ले. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण कारखान्याला ठरावीक मापाचे खोके हवे असतात. साडेपंधरा इंचाचा जुना खण आणि अर्धा इंच उतरलेला ओटा हे त्याचे गिऱ्हाईक नव्हे. ते तुमचे आहे. पण तुम्हीच म्हणता, “चाचा, दरवाजे बदलण्यात काय मिळणार, पूर्ण नवे करून घ्या.” आणि चाचा नवे करायचे ठरवतात, पण तुमच्याकडे नव्हे, शोरूममध्ये.

असे काम दोन हप्त्यांत बसते. एक दिवस माप, मग कापणे-चिकटवणे आपल्या जागेवर, आणि शेवटचा एक दिवस घरी बसवणी. मोठ्या गावांत आता पॅनेल सॉ आणि कडेची पट्टी लावणाऱ्या यंत्राचे जॉबवर्क मिळते. यंत्र नाही म्हणून अडायचे कारण नाही. कागदावर लिहून द्या: प्लाय कोणत्या दर्जाचे, किती मिलिमीटर, बिजागऱ्या किती, उरलेला माल कोणाचा. आमच्या मते उरलेला माल घरधन्याचा, कारण पैसे त्याने भरले. लिहून देणारा सुतार आपल्याकडे इतका दुर्मिळ आहे की एवढ्यावरच दुसरे काम मिळते.

आता नाजूक गोष्ट. प्लायवुडचा दुकानदार सुताराला कमिशन देतो आणि ते गिऱ्हाइकाच्या बिलातूनच निघते, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. घरधनी विश्वासाने म्हणतो, “भाई, तुम्हीच माल घ्या,” तेव्हा सुतार त्याचा वकील होतो. वकिलाने समोरच्याकडून लपवून पैसे घेणे बरोबर की कसे, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. व्यापारी म्हणून आम्ही इतकेच म्हणू की मजुरी खुशाल वाढवून मागा, तोंडावर मागा. कमिशन घ्यायचेच असेल तर मालकाला सांगून घ्या. मजुरी चौरस फुटावर कमी सांगायची आणि भरपाई दुकानातून करायची, या सवयीने मजुरीचा भाव कायमचा खाली बसला आहे. त्याचा तोटा गिऱ्हाइकापेक्षा कारीगरालाच जास्त होतो. नवखा शागिर्द, ज्याची दुकानदाराशी ओळख नाही, तो त्या पडलेल्या मजुरीत उपाशी मरतो.

दुसरे, भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत १९९५ सालीच घातली आहे. प्लाय चिकटवण्याच्या रसायनातील फॉर्मल्डिहाइडही पुढे त्याच यादीत गेले. बंद खोलीत कटर चालवून संध्याकाळी काळा-पिवळा कफ काढणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. गाळणीचा मास्क घ्यावा आणि कापणे उघड्यावर करावे.

तिसरे, हत्यारे. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तिच्या अठरा पेशांत सुतारकाम आहे. तिच्यात कर्जाचा भाग आहे आणि त्यावर सवलतीचे का होईना, व्याज आहे. ज्यांना ते नको त्यांनी तो भाग सोडावा. पण प्रशिक्षण, त्या काळातील रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर हे कर्ज नव्हे. एक चांगला ट्रिमर, गिरमिट आणि ३५ मिलिमीटरचे पाते त्यात येऊ शकते.

घरी स्वतः करणाऱ्यांनी एकदम बारा दरवाजे काढून ठेवू नयेत. प्रथम एकच, तोही सिंकखालचा, पूर्ण करून बसवावा आणि आठवडाभर वापरून पाहावा. घरातल्या बायकांना विचारून मुठीची जागा ठरवावी. ओट्याखाली ती वरच्या कडेजवळ बरी, भिंतीवरच्या खणाला खालच्या कडेजवळ. रमजानपूर्वी काम हवे असेल तर शाबानच्या सुरुवातीलाच माप द्या, कारण त्यानंतर प्रत्येक सुतार “ईदनंतर पाहू” म्हणतो. काढलेले जुने दरवाजेही लगेच भंगारात घालू नका. सोड्याने धुऊन, बिजागरीची भोके बुजवून, दुकानात थान ठेवायच्या फळ्या त्यांच्या उत्तम होतात.